निळीचं औषध पोटात घ्यावं का?

प्रश्न : मला सोरायसिस (त्वचेवर लाल, खवलेदार चट्टे येणारा दाहाचा विकार) आहे. आतड्यातले जिवाणू सुधारले की त्वचा बरी होते म्हणतात. मलम सोडून निळीचं (नीळ या वनस्पतीपासून बनवलेलं) चूर्ण पोटात घेऊ का?

उत्तर : ताई, मलम मुळीच सोडू नका. आतडं आणि त्वचेचं नातं खरं आहे. तंतुमय अन्न आंबवून जिवाणू ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल बनवतात, ते दाह आवरणाऱ्या टी-पेशींना (रोगप्रतिकारक पेशींना) बळ देतं. अन्नातल्या प्रथिनांमधल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून जिवाणू इंडोल नावाची संयुगं तयार करतात; ती पेशींमधल्या दाह आवरायला मदत करणाऱ्या एका ग्राहीला (रसायनं ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटतात आणि विशेष म्हणजे निळीतलं इंडिरुबिन हे रंगद्रव्यही त्याच ग्राहीला चिकटतं. त्यामुळे निळीचा लेप मला आशादायक वाटतो. पोटात मात्र नको! जपानमध्ये चूर्ण घेणाऱ्या काही रुग्णांच्या फुप्फुसातल्या धमन्यांचा रक्तदाब वाढला; २०१६ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने तसा इशाराच दिला. लेपसुद्धा तुमच्या त्वचातज्ज्ञांना विचारूनच लावा.