एटा बेकर : साठीनंतर मंचावर आलेली घरातली गिटार

प्रश्न : एटा बेकर या अमेरिकी ब्लूज गिटारवादिकेचे वादन १९५६ साली ध्वनिमुद्रिकेवर आले, पण त्या व्यावसायिक कलाकार झाल्या त्या वयाच्या साठीत, असे वाचनात आले. मधली वर्षे त्या काय करत होत्या? त्यांचे घराणेच संगीताचे होते असेही म्हणतात. तर आपल्यासारखी घराणेदार तालीम ब्लूजमध्ये असते का? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातच आहे. ‘घराणे’ या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत आणि एटा बेकर यांना त्यांतला साधा, कुटुंबाचा अर्थच लागू पडतो. तिथे गंडाबंधन नव्हते आणि गुरूचे नाव घेताना कानाची पाळी धरण्याचा प्रघातही नव्हता. ३१ मार्च १९१३ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॉल्डवेल परगण्यात, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याच्या मुलखात, त्यांचा जन्म झाला. आफ्रिकी, मूळनिवासी आणि युरोपीय अशा तिन्ही वंशांचा वारसा त्यांच्याकडे होता. वडील बून रीड हे बँजो, फिडल आणि गिटार वाजवत. भावंडांनाही वाद्यांचा नाद होता आणि थोरल्या बहिणीची, कोरा फिलिप्स यांची, गिटार तर एटांच्या तोडीची होती. तिसऱ्या वर्षी एटांनी वडिलांकडून गिटारचे पहिले धडे घेतले, तेव्हा वाद्य मांडीवर मावत नसल्याने ते खाटेवर आडवे ठेवून त्या वाजवत. शिकवणी ती एवढीच, म्हणजे वडिलांचे बघायचे, ऐकायचे आणि चुकले की त्यांनी बोट नीट ठेवून द्यायचे.

त्यांच्या शैलीला ‘पीडमाँट’ म्हणतात. अ‍ॅपलाचियन डोंगररांगा आणि अटलांटिकच्या किनारपट्टीच्या मधोमध पसरलेल्या पठारी प्रदेशाचे हे नाव आहे. ब्लूज, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय समाजात घडलेले गाणे-बजावणे, म्हटले की मिसिसिपी राज्याच्या वायव्येकडील ‘डेल्टा’ नावाच्या सखल मुलखातले, काचेची किंवा धातूची नळी तारांवरून घसरवत काढलेले, विव्हळणारे सूर बहुतेकांना आठवतात. पीडमाँटचा बाज त्याहून हलका, खेळकर आणि रॅगटाइम या नृत्यसंगीताच्या जवळचा आहे. उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवर आळीपाळीने, घड्याळासारखा ठेका धरून ठेवतो आणि त्याच वेळी तर्जनी वरच्या तारांवर, कधी ठेक्यावर तर कधी त्याला हुलकावणी देत, गाण्याची चाल काढते. एटा प्रामुख्याने या दोनच बोटांनी वाजवत, आणि तरीही प्रथम ऐकणाऱ्याला दोन माणसे वाजवत आहेत असे वाटते. हे वादन घरात, परसात आणि शेजारपाजारच्या नाचगाण्यांत वाढलेले असल्यामुळे त्यात पाय थिरकवण्याची सोय आधी आणि वादकाचे कौशल्य दाखवण्याची मागाहून येते.

आता १९५६ च्या ध्वनिमुद्रिकेविषयी. लोकगीतांचे गायक आणि संग्राहक पॉल क्लेटन त्या भागात आले असताना ब्लोइंग रॉक येथील एका जुन्या वाड्यावर रीड कुटुंबाशी त्यांची गाठ पडली, आणि माझ्या मुलीचे वादन ऐका, असा आग्रह बून रीड यांनीच धरला. लगेच क्लेटन टेपरेकॉर्डर घेऊन एटांच्या घरी हजर झाले. दक्षिण अ‍ॅपलाचियन भागातील वाद्यसंगीताच्या त्या संकलनात एटांच्या पाच रचना आहेत, आणि स्वतः बून रीडही त्यात वाजवताना ऐकू येतात. पुढे लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाच्या काळात ही तबकडी अनेक तरुण गिटारवादकांची शाळा ठरली. एटांच्या ‘रेलरोड बिल’चा आपल्या वादनावर झालेला परिणाम ताजमहाल या नावाने प्रसिद्ध असलेल्या ब्लूज कलाकारानेही मान्य केला आहे.

एटांचे स्वतःचे दिवस मात्र तसेच चालू राहिले. पती ली बेकर पियानो वाजवत, पण पदरी नऊ मुले होती आणि मॉर्गंटन येथील कापड गिरणीतली नोकरी एटांनी २६ वर्षे केली. १९६७ साली पतीचे निधन झाले आणि त्याच वर्षी एक मुलगा व्हिएतनामच्या युद्धात मारला गेला. साठाव्या वर्षी त्यांनी गिरणी सोडली आणि मगच त्या कार्यक्रमांसाठी व संगीतमहोत्सवांसाठी बाहेर पडू लागल्या. या काळाला ‘सतरा वर्षांचा खंड’ म्हणणारे लेखन वाचले की मला ते अपुरे वाटते, कारण खंड पडला तो मंचाचा. घरातली गिटार काही खुंटीला टांगलेली नव्हती. १९९१ साली त्यांना अमेरिकेची ‘नॅशनल हेरिटेज फेलोशिप’ मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचा ‘वन डाइम ब्लूज’ हा संपूर्णपणे त्यांचा असा पहिला संग्रह निघाला. तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या. २३ सप्टेंबर २००६ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ऐकायचे झाल्यास ‘रेलरोड बिल’पासून सुरुवात करावी. पहिल्या खेपेस लक्ष फक्त अंगठ्यावर, दुसऱ्या खेपेस फक्त तर्जनीवर ठेवावे, म्हणजे तिसऱ्या खेपेस दोन्ही एकाच हाताचे आहेत यावर विश्वास बसेल. त्यानंतर कोरा यांच्यासह केलेला ‘कॅरोलायना ब्रेकडाउन’ हा संग्रह घ्यावा. त्यात मात्र खरोखरच दोन गिटार आहेत.