पोराच्या गॅरेजसाठी पोस्टातली स्कीम मोडू का?

नमस्कार गुरुजी, मेसेज वाचला. आधी हसूच आलं, खोटं कशाला बोलू, आपण लातूरची माणसं, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेलो, अन तुमचा पोरगा कॅनडातल्या कॅलगरीत गॅरेज उबदार ठेवायला जमिनीच्या काँक्रीटमध्ये नळ्यांतून गरम पाणी खेळवणार म्हणतोय. पण तिथं हिवाळ्यात उणे तीसपर्यंत जातं, त्यामुळं खूळ नाही ते.

आता पैशाचं. त्याला १२ लाख पाहिजेत आणि तुम्ही पोस्टातली २० लाखांची सिनियर सिटिझन स्कीम मोडायला निघालात. उघडून १४ महिने झालेत, म्हणजे आज मोडली की दीड टक्का कापणार, ३० हजार गेले. बरं त्यातून नुसते १२ काढता येत नाहीत, अख्खं खातंच बंद करावं लागतं, आणि ८.२ टक्क्यानं दर तिमाहीला जे ४१ हजार येतात, ज्यावर काकूंचा दवाखाना चाललाय, ते बंद. माझं साफ नाही.

पण पोराला नुसतं नाही म्हणू नका. आपण नाही का वरचा मजला पुढं कधी बांधायचा म्हणून कॉलमचे गज वर काढून ठेवतो, तसंच आहे हे. प्लास्टिकच्या नळ्या आणि त्याखालची दोन इंची फोमशीट, कडेला पण लागते नाहीतर उष्णता जमिनीत जाते, हे काँक्रीट ओतायच्या आधीच टाकावं लागतं, नंतर फोडल्याशिवाय होत नाही. पाणी तापवायचा बॉयलर, पंप मात्र दोन वर्षांनी बसवला तरी चालतो, आणि पैसा जास्त खातो तोच. २४ बाय २४ चं गॅरेज म्हणताय, फुटाफुटावर नळी टाकली तर ५७६ फूट, तीनशे फुटांच्या आतले दोन वेढे, झालं. ओतताना नळीत प्रेशर भरून ठेव म्हणावं, कुठं भोक पडलं तर तिथंच कळतं.

आणखी एक विचारा, गॅरेजात रोज काम करतो का रविवारीच जातो? हा खालचा काँक्रीटचा थर तापायला कित्येक तास घेतो, रविवारपुरतं असेल तर छताला टांगायचा गॅसचा हीटर बास झाला, मग बॉयलरचा विषयच संपला.

तर तुमच्या त्या ५ लाखांच्या बँक एफडीतून ३ लाख द्या, नळ्या अन शीटपुरते. मोडायचा दंड किती ते आधी विचारा, मुदत जवळ असेल तर थांबा, तसंही तिकडं बर्फात कोण काँक्रीट ओततंय. मुलाला दिलेल्या गिफ्टवर टॅक्स नाही. वर्षाला १० लाखांच्या आत पाठवलं तर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक कापून घेते तो टॅक्स, तो पण नाही, १२ पाठवले असते तर वरच्या दोनवर २० टक्के, म्हणजे ४० हजार रिटर्न भरेपर्यंत अडकले असते. बँकेत जाताना पॅनकार्ड न्या, ए-टू फॉर्म, म्हणजे परदेशात पैसे पाठवायचा अर्ज, भरून घेतील.