संमोहनाची भीती वाटते, क्वार्टरची नाही?

संमोहनाची चौकशी करायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो: मी शुद्धीत राहीन ना? तोंडून भलतंसलतं काही निघणार नाही ना?

नागपुरात धंतोलीतल्या माझ्या खोलीत हे सर्वांत पोटतिडकीने विचारलं ते इतवारीतल्या एका दुकानदार काकांनी. (त्यांची परवानगी घेतली आहे, ओळखीचे तपशील बदलले आहेत.) दुकानाचं शटर ओढलं की रोज दारूची एक क्वार्टर, कित्येक वर्षं. आता सोडायची होती. संमोहनाने एका बैठकीत सुटते, असं कुणीतरी सांगितलेलं.

"पण मॅडम, त्यात माणूस आपल्या ताब्यात राहत नाही म्हणतात. मी उधारीचं, घरचं काही बोलून बसलो तं?"

काकू शेजारीच होत्या. "काहून जी, माझ्या भावाच्या लग्नात कोणतं संमोहन झालं होतं? वरातीत बँडवाल्याचा ढोल हिसकून घेतला. बेसाचा प्लॉट चारचौघांत त्याले देऊन टाकला. सकाळी तो कागदपत्रं विचाराले आला तं म्हणे, कोणता प्लॉट?"

काका ओशाळून हसले. मलाही हसू आवरेना. पण काकूंनी नेमकं बोट ठेवलं होतं. ज्या ज्या गोष्टीची काकांना संमोहनात धास्ती होती, ती प्रत्येक गोष्ट दारू करते. मेंदूचा पुढचा भाग आपल्याला आवर घालतो, तो ती आधी सैल करते. मग तोल जातो. फार झाली तर आठवणींची नोंदच होत नाही, म्हणून प्लॉट सकाळी आठवत नाही. शिवाय मध्येच थांबायची सोय नाही. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि यकृत तासाला ७ ते १० ग्रॅमच निपटवतं. लिंबूपाणी प्या की काळी कॉफी, तो वेग वाढत नाही. रात्री दहाला संपवलेली पहाटेपर्यंत अंगात असते.

संमोहनात लक्ष एका जागी एकवटतं, माणूस जागाच असतो. काकांना डोळे मिटवून शांत केलं तेव्हा खाली भाजीवाला ओरडत होता, तो त्यांना ऐकू येत होता. नाक खाजलं, ते त्यांनी खाजवलं. मग मी त्याच हळू आवाजात म्हटलं, "आता मोबाइलचा पासवर्ड सांगा." डोळे खाडकन उघडले. "तो कायले सांगू?"

त्यांची भीती तिथेच गेली.

मात्र एका बैठकीत दारू सुटेल, असं वचन मी देत नाही, कारण त्याला भक्कम पुरावा नाही. आणि रोज पिणाऱ्याने मनाशी ठरवून एकदम बंद करणं धोक्याचं असतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, झटके येणं, भास होणं, इथपर्यंत जाऊ शकतं, जिवावरही बेतू शकतं. म्हणून काकांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषधं सुरू झाली, मग आमच्या बैठका. हा क्रम कृपा करून कुणी उलटा करू नका. कुठे जायचं कळत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे.

बैठकांत आम्ही शटर ओढण्याच्या वेळेवर काम केलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट आणि सहकाऱ्यांनी १९७३ सालच्या एका प्रयोगात दारूचं व्यसन असलेल्यांपैकी काहींना व्होडका घातलेलं टॉनिक वॉटर (कडवट सोडा) दिलं, काहींना नुसतं टॉनिक वॉटर. ज्यांना 'यात व्होडका आहे' असं सांगितलं होतं ते जास्त प्यायले, ग्लासात काहीही असो. म्हणजे तलफ बरीचशी सूचनेवर चालते. काकांची सूचना होती शटरचा खडखडाट. आता तो आवाज झाला की ते हातातल्या किल्ल्यांवर लक्ष ठेवून सावकाश श्वास घेतात आणि काकूंना फोन लावतात. मध्ये एकदा पाय घसरला, तेव्हा दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन सांगितलं.

उन्हाळ्यात पुतणीचं लग्न आहे. काका म्हणाले, "वर्ध्याला ठेवू. तिथं दारूबंदी आहे."

काकू म्हणाल्या, "तिथंही मिळते जी."

तेव्हा सध्या आम्ही, साळ्याने ग्लास पुढे केला तर काय म्हणायचं, याची तयारी करतो आहोत.