वाचकांचे प्रश्न : दगडफुलातील स्फटिक आणि न जुळणारा द्रवणांक

प्रश्न : आमच्याकडे काळ्या मसाल्यात जे दगडफूल घालतात, त्यातून ॲट्रॅनोरिन हे रासायनिक द्रव्य वेगळे करण्याचा प्रकल्प मी घेतला आहे. जळगावच्या बाजारातून पाव किलो दगडफूल आणून कुटले आणि सॉक्सलेट उपकरणात (यात उकळता द्रावक पुन्हा पुन्हा पदार्थातून फिरतो) मिथेनॉलने आठ तास निष्कर्षण केले. पांढरे, मंद सुवासाचे स्फटिक मिळाले. परंतु ॲट्रॅनोरिनचा द्रवणांक सुमारे १९६ अंश असताना माझा १४२ ते १४४ येतो. दोनदा शुद्ध करूनही फरक पडला नाही. चूक कोठे झाली असावी? (एम.एस्सी.चा विद्यार्थी, चोपडा)

उत्तर : आपण दोनदा शुद्धीकरण केले हे बरे झाले, कारण उत्तर त्यातच आहे. पदार्थात भेसळ असती तर द्रवणांक नुसता खाली आला नसता, तर आठ-दहा अंशांत पसरला असता. आपला पदार्थ दोन अंशांच्या आत वितळतो आणि पुन्हा शुद्ध केल्यावरही तेथेच राहतो. म्हणजे तो शुद्धच आहे, फक्त ॲट्रॅनोरिन नाही.

ॲट्रॅनोरिन हे डेप्साइड आहे, म्हणजे दोन फिनॉली वलये एस्टर बंधाने जोडलेली असतात. गरम मिथेनॉल हा बंध तोडते. एका बाजूला मिथाइल हिमॅटोमेट आणि दुसऱ्या बाजूला मिथाइल बीटा-ऑर्सिनॉल कार्बोक्सिलेट तयार होते. दुसऱ्याचा द्रवणांक आपल्या आकड्याशी जुळतो आणि सुवासही त्याचाच असावा. अत्तरवाले ‘ओकमॉस’ म्हणून ज्या शैवाकाचा (बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनाचा; दगडफूलही शैवाकच) अर्क वापरतात, त्याच्या गंधातील हा प्रमुख घटक आहे. वस्तुमान वर्णपट काढल्यास रेणूचे वस्तुमान ॲट्रॅनोरिनच्या ३७४ ऐवजी १९६ दिसेल. (ॲट्रॅनोरिनच्या द्रवणांकाचा आकडाही १९६ च, म्हणून वहीत गोंधळ करू नये.) थोडक्यात, हा पदार्थ बव्हंशी आपल्या आठ तासांच्या उकळण्याने घडवलेला आहे, आणि या प्रयोगावरून त्याला दगडफुलातील नैसर्गिक घटक म्हणता येणार नाही.

शैवाकातील ही द्रव्ये बुरशीच्या तंतूंच्या बाहेर स्फटिकरूपाने साठलेली असतात. ती काढण्यास उकळण्याची गरज नसते. साध्या तापमानाला ॲसिटोनमध्ये भिजवावे, गाळावे आणि उथळ काचपात्रात सुकू द्यावे. ॲसिटोन ५६ अंशांना उकळते आणि आपल्याकडचा वैशाख लक्षात घेता हे काम सकाळी, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास ज्योत नसतानाच करावे. उरलेला थर अगदी थोड्या थंड ॲसिटोनने धुतल्यास सोबतची रंगद्रव्ये बरीचशी निघून जातात आणि ॲट्रॅनोरिन मागे राहते.

मात्र त्याआधी एक कंटाळवाणे काम आहे, आणि माझ्या मते तेच महत्त्वाचे आहे. बाजारातील दगडफूल ही एकच जात नसते. पुडीतील तुकडे भिंगाखाली पाहिल्यास कडांवर केस असलेले, नसलेले, खालून काळे, खालून तपकिरी, असे निरनिराळे आढळतात. ते निवडून वेगळे करावेत. प्रत्येक गटातील एका तुकड्याच्या वरच्या सालीवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकावा. ॲट्रॅनोरिन असल्यास पिवळा रंग येतो. नंतर साल ब्लेडने खरवडून आतील पांढऱ्या गाभ्यावर तीच चाचणी करावी. तेथे पिवळा होऊन रक्तासारखा लाल झाला, तर सॅलझिनिक आम्लासारख्या द्रव्याचा संशय घ्यावा. अशा थेंबचाचण्या शैवाकतज्ज्ञ नायलँडरने १८६६ मध्ये रूढ केल्या. त्या संशय उत्पन्न करतात, ओळख पटवत नाहीत.

ओळखीसाठी टीएलसी (पातळ थरावर द्रव्ये वेगळी करणारी वर्णलेखन पद्धत) करावी : टोल्यूइन, डायऑक्सेन आणि ॲसिटिक आम्ल १८०:४५:५ या प्रमाणात, शेजारी खात्रीच्या ॲट्रॅनोरिनचा ठिपका, नंतर १० टक्के गंधकाम्लाचा फवारा आणि ११० अंशांची उष्णता. आपले जुने स्फटिकही त्याच पट्टीवर चढवावेत.

प्रश्न : याच कामासाठी तोरणमाळहून शैवाक गोळा करता येईल का? (शिक्षक, शहादा)

उत्तर : वन विभागाची परवानगी असल्याशिवाय नाही. परवानगी मिळाली तरी खोडावरचे सगळे खरवडू नये; पानासारखी शैवाकेसुद्धा वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, आणि टीएलसीपुरता नखाएवढा तुकडा पुरतो.