त्याच्या तोंडी शब्द घालू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

१० जुलैच्या कार्यक्रमासाठी लिहिलेलं तुझं भाषण दोनदा वाचलं. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना पडलेल्या यशवंत घाडगेबद्दल तुझ्या वयाच्या मुलाला उभं राहून बोलावंसं वाटतं, याचा मला फार आनंद आहे. तू त्यांना 'वीर यशवंतराव' म्हणतोस, ते योग्यच. मी मात्र इथे एकेरीच लिहिणार. तो गेला तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता, माझ्या नातवाहून लहान.

आधी जे खटकलं ते सांगतो. मशीनगनवर धावून जाताना तू त्याच्या तोंडी शिवाजी महाराजांचा जयघोष घातला आहेस आणि प्राण सोडताना मातृभूमीला उद्देशून दोन वाक्यं. मराठा पलटणीचा जयघोष तोच, हे खरं. पण त्याच्या शौर्यपदकाच्या मानपत्रात त्या क्षणी तो काय बोलला याचा उल्लेख नाही. ती वाक्यं तुझी आहेत. काढून टाक.

मी हे का सांगतो, ते ऐक. १९८८ साली, श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेल्या एका जवानाच्या शोकसभेत मी बोललो होतो. तेव्हा मी नवाच मास्तर होतो. ओघात मीही त्याचे 'शेवटचे शब्द' रचून सांगितले. सभा संपल्यावर त्याचे वडील माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "गुरुजी, तो असं म्हणाला हे तुम्हाला कुणी सांगितलं? कोण होतं त्याच्यापाशी?" त्यांना वाटलं, शेवटच्या घटकेला पोराजवळ कुणीतरी होतं, आणि तो माणूस आता भेटेल. मला खरं सांगावं लागलं. त्यानंतर ते काहीच बोलले नाहीत. टोपी नीट केली आणि गेले.

खोट्या शब्दांची गरजच नाही, कारण खरं आहे तेच पुष्कळ आहे. रोम ४ जून १९४४ ला दोस्तांच्या हाती पडलं होतं, जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होतं, पण टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात प्रत्येक टेकडी लढवत होतं. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीची एक कंपनी चढाईला निघाली. नाईक घाडगेच्या सेक्शनवर, म्हणजे त्याच्या हाताखालच्या छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्याच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. तो एकटा पुढे धावला. ग्रेनेड टाकून त्याने गन आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प केले. आणखी एकाला टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपलं.

शेवटच्या दोघांचा भाग तू 'शत्रूचा खात्मा केला' एवढ्यात उरकलास. उरकू नकोस. हाताच्या अंतरावरच्या माणसांना मारावं लागलं, हे त्या पोराच्या वाट्याला आलेलं युद्ध आहे. ते झाकलं तर त्याने काय सोसलं तेही झाकलं जातं.

तो इंग्रजांच्या फौजेत का गेला, याचं तू त्याच्या वतीने दिलेलं उत्तरही नको. त्याला विचारायला आपण उशिरा आलो आहोत.

त्याऐवजी हे सांग. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, व्हाइसरॉय वेव्हेलकडून त्याच्या तरुण विधवेने घेतला. ज्यांच्या कबरी माहीत नाहीत अशा चार हजारांहून अधिक जणांची नावं इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर आहेत, त्यांत त्याचं आहे. नाव असणं ही साधी गोष्ट समजू नकोस. इराकमधल्या, पहिल्या महायुद्धाच्या बसरा स्मारकावर इंग्रज शिपायांची नावं कोरली, हिंदी शिपायांचे मात्र पलटणीखाली नुसते आकडे. गावोगावच्या संगमरवरी पाट्याही पाहा: इतके लढाईला गेले, इतके परतले नाहीत. नाव एकाचंही नाही. घरातली माणसंही एवढंच म्हणत, "लढाईवर गेला तो गेलाच."

रायगड जिल्ह्यातल्या माणगावात यशवंतचा पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोनेच्या लोकांनीही त्याच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. ज्या खोऱ्यात तो पडला तिथल्या माणसांना त्याची आठवण ठेवावीशी वाटली, यावर तू एक ओळही लिहिलेली नाहीस. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथे द्यावास.

आणि त्याच दिवशी पडलेल्या त्याच्या पलटणीतल्या इतरांची नावं शोध. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत तारीख आणि पलटण टाकून बघ. स्पेलिंगं विचित्र असतील, आपली आडनावं साहेबाच्या कानाने लिहिलेली आहेत. मोठ्याने वाचलंस की ओळखू येतील. सापडतील तितकी भाषणाच्या सुरुवातीला सावकाश वाच, गावाच्या नावासकट.

नवं टिपण रविवारपर्यंत पाठव. नावांचे उच्चार अडले तर फोन कर, दोघं मिळून लावू.

तुझा,
गुरुजी