विधानसभेचा निर्णय कोर्ट फिरवू शकतं का?

फिरवू शकतं, पण ऊठसूट नाही. राज्यघटनेच्या कलम २१२ मुळे सभागृहाच्या निव्वळ प्रक्रियेतल्या चुकांवर कोर्टाला बोट ठेवता येत नाही. घटनाच मोडली तर गोष्ट वेगळी. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं होतं. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये ते रद्द केलं, कारण चालू अधिवेशनापलीकडे निलंबन ताणता येत नाही. उलट, न्यायाधीशांच्या कामातल्या वर्तनावर आमदारांनाही चर्चा करता येत नाही (कलम २११).

सरकारला मात्र सभागृह आणि कोर्ट, दोन्हीकडून चाप. आपल्याकडे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांवर (अर्थसंकल्पापेक्षा जादा खर्चाच्या मागण्यांवर) होणारा गदारोळ त्यातलाच: सभागृहाच्या मंजुरीशिवाय जादा पैसा नाही. आणि सरकारी आदेश बेकायदा वाटला, तर नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाच्या खंडपीठात कलम २२६ खाली रिट याचिका (तो आदेश रद्द करा अशी मागणी करणारा अर्ज) टाकता येते. सामान्य माणसाच्या हातातलं खरं हत्यार हेच.