अजिंठ्यातले जपानी चित्रकार

प्रश्न: अजिंठ्याला गेलो होतो तेव्हा गाइड म्हणाला की शंभर वर्षांपूर्वी जपानी लोक येऊन इथली चित्रं उतरवून घेऊन गेले. खरंय का? आणि अलीकडचे जपानी चित्रकार बुद्ध काढतात का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर: गाइडने थाप नाही मारली. अराई कम्पो म्हणून एक चित्रकार १९१६ मध्ये टागोरांच्या बोलावण्यावरून कोलकात्याला शिकवायला आला आणि मग सहकाऱ्यांसोबत अजिंठ्यात बसून त्याने तिथल्या भिंती रेषेरेषेने उतरवल्या. पण ते काम टोकियोच्या विद्यापीठात ठेवलं होतं आणि १९२३ च्या भूकंपात जळून गेलं. पुढे १९४० पासून हाच माणूस जपानमधल्या नारा शहराजवळच्या होर्युजी या बौद्ध मंदिरातली भित्तिचित्रं उतरवत होता, ज्यांचा तोंडवळा अजिंठ्याच्या पद्मपाणीशी जुळतो असं जाणकार म्हणत आलेत, तर १९४५ मध्ये तो वारला आणि १९४९ मध्ये, नकलेचं काम चालू असतानाच, त्या मूळ भिंतीही आगीत होरपळल्या! नक्कल म्हणजे दुय्यम काम असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण जपानमध्ये बुद्धाचं नवं चित्र बरंचसं अशा उतरवण्यातूनच आलं.

अलीकडचं म्हणाल तर आधी कानो होगाईची कान्नोन बघा, १८८८ ची, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. १८६८ नंतर जपानी सरकारने शिंतो (तिथला मूळचा धर्म) आणि बौद्ध वेगळे केले तेव्हा कितीतरी विहारांची नासधूस झाली, मूर्ती कवडीमोल विकल्या गेल्या, आणि त्यानंतर वीसच वर्षांत हा माणूस रेशमावर एवढी मोठी कान्नोन काढतो. तिच्या हातातल्या कुपीतून पाण्याची धार खाली येते, खाली पारदर्शक गोल बुडबुड्यात एक तान्हं बाळ वर मान करून तिच्याकडे बघतंय, आणि नीट बघितलंत तर कान्नोनला बारीक मिशा आहेत. चित्र पूर्ण व्हायच्या आत होगाई गेला, शेवटचा हात त्याचा मित्र हाशिमोतो गाहो याने फिरवला.

नंतरचा मोठा माणूस हिरायामा इकुओ. पंधराव्या वर्षी हिरोशिमात बॉम्बमधून वाचला, पुढे किरणोत्साराच्या आजाराने बेजार असताना १९५९ मध्ये ह्युएनत्संगच्या प्रवासावरून घोड्यावरचे भिक्षू काढले, त्याच चित्राने त्याचं नाव झालं.

हे सगळं बघायला लगेच जपानचं तिकीट काढायला नको. सारनाथच्या मूलगंधकुटी विहारात कोसेत्सु नोसू या जपानी चित्रकाराने १९३२ ते ३६ मध्ये भिंतींवर अख्खं बुद्धचरित्र रंगवलंय. अजिंठा डोळ्यात ताजा आहे तोवर जाऊन या.